बोटीचा भरवसा नाही, मग दुकानात माल किती भरायचा?

टेकडीवरचा_दुकानदार

राम राम मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातला, अक्राणी तालुक्यातला. आमच्या पाड्यावर रेंज येत नाही, टेकडीच्या माथ्यावर आंब्याखाली बसलं की दोन काड्या येतात. तिथून लिहितोय, म्हणून उत्तराला उशीर झाला तर राग धरू नका.

पाड्याच्या तीन बाजूंना सरदार सरोवराचं पाणी आहे. चौथ्या बाजूला डोंगर आणि पायवाट, साडेतीन-चार तास चाललं की जीपचा रस्ता लागतो. पावसाळ्यात मधला नाला भरला की तीही बाजू गेली, मग आम्ही बेटावरच. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत भरलं, तेव्हापासून दर वर्षी हेच.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मीठ, गोडेतेल, गूळ, चहापत्ती, साबण, काडेपेटी, बॅटरीचे सेल आणि पोरांसाठी लटकवलेल्या पुड्या. आमचा पाडा आणि पाण्यापलीकडचे दोन, मिळून साठ-सत्तर घरं माझ्यावर.

आता मुद्दा. आठवड्यातून दोनदा बोट येते, असं कागदावर आहे. बोट कोणाची ते लिहीत नाही, भांडण काढायला आलो नाही. ती कधी येते, कधी येत नाही. कारणं मला पाठ झालीत: डिझेल संपलं, चालक लग्नाला गेला, पंख्यात जाळं अडकलं, वारा फार आहे, साहेबांचा दौरा आहे म्हणून बोट तिकडे गेली. गेल्या मार्चपासून मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागलो. वार, आली का, किती वाजता. मार्च ते जून 34 फेऱ्या व्हायला हव्या होत्या. 19 झाल्या. त्यातल्या सहा वेळेवर.

बोट अजिबात नसती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. आजोबांच्या वेळी नव्हतीच ना. ते बैलावर, डोक्यावर सामान आणायचे, किती लागतं ते ठाऊक होतं. आता बोट आहे म्हणून बैलाची वाट मोडली, आणि बोट येत नाही म्हणून घाटावर बसायचं. माणूस धड चालतही नाही, धड बसतही नाही.

मे महिन्यातलं सांगतो. आमच्याकडे कैऱ्या सोलून, फोडी करून खडकावर वाळवतात आणि आमचूर धडगावला विकतात. सात घरांची अकरा पोती माझ्याकडे जमली होती. पैसे त्यांना आधीच सामानात दिलेले, म्हणजे पोती माझीच धरा. रविवारी बोट येणार म्हणाले. शनिवारी रात्रीच पोती घाटावर उतरवली, कारण सकाळी उतरवायला वेळ देत नाहीत. रविवारी आली नाही. फोन लागला तेव्हा "उद्या शंभर टक्के". सोमवारी नाही. पोती परत वर न्यायची तर चढ एवढा की माणसं पोत्यामागे वीस रुपये मागतात, आणि नेल्यावर बोट आली तर? मंगळवारी रात्री वळीव आला. ताडपत्री होती, पण पाणी खालून आलं. बुधवारी अकरा वाजता बोट आली, ऊन कडक, आभाळ निळं, चालक हसतोय. धडगावला व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, फोड मोडून बघितली. पांढऱ्या फोडीला जो भाव बोलला होता त्याच्या निम्म्याहून कमी दिला. काळी पडली होती, त्याचं काही चुकलं नाही.

आणि सामान आणतानाचं गणित असं. खाजगी बोट केली तर एका फेरीचे 1800 रुपये. ते मी मीठ-तेलावर लावले की लोक म्हणतात, हा लुटतो. नाही लावले तर मी बुडतो.

विचारायचं एवढंच. स्वतःची लहान बोट घ्यावी का? कोणी घेतली आहे का? की माल जास्त भरून ठेवावा? जिथे अशीच पंचाईत असते तिथले दुकानदार काय करतात?

शहाद्याचा_घाऊकवाला

भाऊ, राम राम. मी स्वतः मोलगी-धडगावच्या दुकानांना माल देतो म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांची आम्हालाही अडचण होते. पंधरा दिवसांची उधारी देतो, माणूस पंचेचाळीस दिवसांनी येतो आणि म्हणतो बोट नव्हती. मना पैसा बी त्या बोटमाच बसेल ऱ्हास, असं आम्ही आपसात म्हणतो.

माझं मत: बोटीबिटीच्या फंदात पडू नका. मेअखेर तीन महिन्यांचं मीठ, साबण, काडेपेटी, चहा भरून टाका. या वस्तू सडत नाहीत. तेल डब्यात घ्या, पाउचमध्ये नको, उंदीर फोडतात. बिस्किटं कमी ठेवा. बोटीला पैसे घालण्यापेक्षा मालाला घाला.

टेकडीवरचा_दुकानदार

दादा, तुमचा सल्ला पटतो, पण मीठ सडत नाही हे शहाद्यात. आमच्याकडे श्रावणात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. मागच्या वर्षी दोन पोती मिठाला पाणी सुटलं, खालची फळी कुजली. आणि तीन महिन्यांचा माल भरायला भांडवल कुठलं? माझं भांडवल म्हणजे लोकांची उधारी, आणि लोकांचं भांडवल म्हणजे ते आमचूर. ते बोटीतून गेलं की मग पैसा फिरतो.

उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही दुसऱ्या वेळी माल देताना कमी देता, हेही खरं ना? मी तेच वरच्या पाड्यातल्या लोकांना करतो. वाईट वाटतं, पण करतो.

काठ_बदलणारा

एक सरळ प्रश्न. धरणग्रस्तांना शहादा-तळोद्याकडे वसाहतींत जमिनी दिल्या. तुम्ही अजून डोंगरातच का? रस्ता नाही, बोट नाही म्हणून तक्रार करायची आणि खाली यायचं नाही.

टेकडीवरचा_दुकानदार

काका वसाहतीत आहे. कापूस लावतो, पोरं शहाद्याला कॉलेजात जातात, चांगलं चाललंय. आमचं घर बुडितरेषेच्या वर राहिलं, म्हणून आम्ही बुडितात धरलो गेलो नाही. रस्ता बुडाला. पण रस्ता कोणाच्या नावावर नसतो ना, त्यामुळे त्याच्या बदल्यात कोणाला काही मिळत नाही.

आता बोटीचं बोला.

जुने_गुरुजी_जळगाव

बाळा, तुझं वाचून फार जुनं आठवलं. मी नर्मदाकाठी सात वर्षं शाळेवर होतो, मूळचा रावेरकडचा. महाराष्ट्रातली 33 गावं या धरणाच्या बुडितात आली, त्यातल्या पुष्कळ गावांत मी पाणी चढताना पाहिलं. तेव्हा नदी नदीसारखी होती, उन्हाळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यातून पलीकडे मध्यप्रदेशात लग्नाला जायचे लोक. आता तिथे किती खोल आहे, विचारू नकोस.

दहावीच्या परीक्षेच्या आधी मी पोरांना तीन दिवस अगोदर केंद्राच्या गावी नेऊन ठेवायचो. पेपर अकराचा, आणि बोट अकराची असेल की चारची, सांगता येत नव्हतं. एका ओळखीच्या घरी ओट्यावर चौदा पोरं झोपायची. त्या घरच्या आज्जीने तीन दिवस भाकरी घातल्या, एक पैसा घेतला नाही. तो खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही बघ.

2020 साली लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे पोषण आहार घेऊन एकट्या नाव वल्हवत पाड्यांवर जायच्या, 18 किलोमीटर. सगळीकडे कौतुक झालं, होण्यासारखंच होतं. मला मात्र तेव्हा वाटलं, की त्यांच्या खांद्यांना विचारा कौतुक कसं वाटतं. ज्या वाटेला बोट हवी तिथे एका बाईचे दंड वापरले आपण.

स्वतःची बोट घेणार असशील तर एक सांगतो. 2019 च्या संक्रांतीला भुषा पॉइंटजवळ बोट उलटली, सणाला पूजेला निघालेली माणसं गेली. बोट लहान, माणसं जास्त. तुझी बोट आली की सगळा पाडा म्हणेल मलाही ने. नाही म्हणता येईल का तुला?

डुंगी_ते_मशीन

गुरुजी बरोबर बोलले. मी बोट चालवतो, आधी डुंगी वल्हवायचो, आता मशीनची. दुकानदार भाऊ, तुमच्यासाठी लांबलचक लिहितो, जेवण झालंय, वेळ आहे.

पहिलं. चालकाला शिव्या देण्याआधी काठ बघा. धरणातलं पाणी पावसाळ्यानंतर उतरत जातं, उन्हाळ्यापर्यंत कितीतरी मीटर खाली. म्हणजे दिवाळीत जिथे बोट लागते, तिथून मे महिन्यात पाणी अर्धी टेकडी खाली गेलेलं. मधे नुसता गाळ. वरून सुकलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत. बोट काठाला लागतच नाही, दहा-पंधरा हातांवर थांबते. तिथून पोतं कोण आणणार? तुमच्या अकरा पोत्यांसाठी चालकाने त्या दोन दिवसांत लांबूनच काठ बघून बोट फिरवली असेल, अशी मला शंका आहे. चूकच ती, न सांगता फिरवायची नव्हती. पण हे होतं.

दुसरं, खुंट. बुडालेली झाडं अजून खाली उभी आहेत. पाणी उतरलं की सागाचे, महूचे शेंडे पाण्याखाली हातभर राहतात, दिसत नाहीत. पंखा आपटला की पिन तुटते. सुटी पिन जवळ नसेल तर वल्हवत घरी. मी नेहमी चार ठेवतो. सरकारी बोटीच्या चालकाला पिन कोण देणार? कागद वर जाणार, खाली येणार, तोवर बोट खुंटाला बांधलेली.

तिसरं, वारा. एप्रिलपासून दुपारी वारा फिरतो आणि लाटा येतात. ज्याला जायचंय त्याने सकाळी नऊच्या आत जावं. दुपारी दोनची फेरी ज्याने कागदावर लिहिली तो कधी पाण्यावर बसलेला नाही.

आता बोट घेण्याचं. फक्त स्वतःचा माल आणायला पत्र्याची लहान बोट आणि जुनं मशीन, एवढ्यात जमतं. पण मशीन लावलं की कायदा आला. 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला. नोंदणी, तपासणी, चालकाचा परवाना, विमा. माणसं बसवून पैसे घेतलेत आणि काही झालं, तर तुमच्या दुकानाची शेवटची फळीही राहणार नाही.

माझं ऐका, बोट घेऊ नका. मच्छीची बोट पकडा. तुमच्या बाजूला मासेमारी सोसायटी असेलच. व्यापाऱ्याची बोट सकाळी बर्फ घेऊन येते, मासे घेऊन जाते. ती बोट चुकत नाही. का? कारण मासे सडतात. ज्याचा स्वतःचा माल सडणार असतो, त्याच्या बोटीला डिझेलही मिळतं, पिनही मिळते आणि चालकाच्या मेहुण्याचं लग्नही पुढे ढकललं जातं. जी बोट रिकामी राहिली तरी कोणाचं काही सडत नाही, तिची वाट बघू नका.

ग्लासगोतला_शिरपूरकर

नमस्कार. दहा वर्षं झाली, स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. तुमची वही वाचून हसू आलं, कारण इथे पश्चिमेच्या बेटांवरची माणसं हुबेहूब अशीच वही ठेवतात. फक्त ती मोबाईलमध्ये असते. सकाळी सहाला बोटीच्या सूचनेचा मेसेज बघायचा आणि मग दिवस ठरवायचा.

इथली गोष्ट थोडक्यात सांगतो. ॲरन नावाचं बेट आहे. त्याच्यासाठी नवीन मोठी बोट बांधायची ठरली, नाव ग्लेन सॅनॉक्स. 2015 मध्ये दोन बोटींचा मिळून 9 कोटी 70 लाख पाउंडांचा करार झाला. 2018 ला प्रवासी न्यायला लागणार होती. नोव्हेंबर 2017 मध्ये मोठा समारंभ करून ती पाण्यात सोडली, तेव्हा तिला खऱ्या खिडक्यासुद्धा बसल्या नव्हत्या, रंगाने काढल्या होत्या! कारखाना 2019 मध्ये सरकारने ताब्यात घेतला. पहिले प्रवासी गेले जानेवारी 2025 मध्ये.

तोवर काय, तर जुन्या बोटी. त्यातली एक बिघडली की दुसऱ्या मार्गावरची उचलून मोठ्या बेटाला द्यायची. म्हणजे भोगतं कोण, तर लहान बेट. जून 2023 मध्ये साउथ उइस्टची बोट अशीच जवळजवळ महिनाभरासाठी काढून घेतली. ऐन पर्यटनाचा महिना. लोकांनी लॉखबॉइस्डेलच्या धक्क्यावर गाड्या रांगेत लावून निदर्शनं केली. माझ्या ऑफिसात त्या बेटावरची एक बाई आहे, तिच्या भावाचं चार खोल्यांचं गेस्ट हाउस. ती सांगते, बोट रद्द झाल्याचं नुकसान एका दिवसाचं असतं. पण पाहुणा पुढच्या वर्षीही दुसरीकडे जातो, आणि ते नुकसान कुठल्याच भरपाईत मोजत नाहीत.

तुमच्याकडचं ऐकून एक विचारावंसं वाटतं. साहेबांच्या दौऱ्याला बोट नेली म्हणालात, तेव्हा कुठल्या पाड्याची फेरी कापली? नेहमी एकाच पाड्याची कापतात का?

टेकडीवरचा_दुकानदार

खिडक्या रंगवल्या होत्या! हे मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, तिथे निदान रंग तरी लावला.

तुमच्या प्रश्नासाठी वही परत काढली. दौऱ्याच्या चार फेऱ्या कापल्या, चारही आमच्याच. आमचा घाट शेवटचा आहे म्हणून. शेवटच्या घाटाला डिझेलही जास्त लागतं, आणि ओरडायला माणसंही कमी. हे मी लिहीत होतो पण कधी जोडून बघितलं नव्हतं.

डुंगी भाऊ, गाळाचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. मे महिन्यात आमच्या घाटाखाली साधारण तीस हात गाळ होता. मी चालकाला शिव्या दिल्या, गाळाचा विचार केला नव्हता.

कोयनाकाठ

मी साताऱ्याकडचा, मध्येच घुसतोय. आमच्याकडे शिवसागर जलाशयात तापोळा-बामणोली भागात लाँच चालतात, गाड्या नेणारा तराफाही आहे. अडचणी आमच्याही आहेत, पण आमच्याकडे महाबळेश्वरचे पर्यटक येतात, त्यामुळे खाजगी लाँचवाले उभेच असतात. तुमच्याकडे पर्यटक नाहीत, हाच फरक. गाळासाठी: आम्ही काठावर बांबूच्या चौकटी बांधून त्यावर फांद्या आणि पेंढा टाकतो, पाणी उतरेल तसं पुढे सरकवतो. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम.

शहाद्याचा_घाऊकवाला

दुकानदार भाऊ, मच्छीच्या बोटीचं जमत असेल तर एक सांगतो. तिचा दिवस पक्का कळवा, मी माल आदल्या रात्री रस्त्यापर्यंतच्या जीपमध्ये घालून देतो. तीन आठवडे नियमाने झालं तर उधारी पंधराची तीस दिवस करू. आधी तीन आठवडे बघू.

टेकडीवरचा_दुकानदार

सगळ्यांना राम राम. पाच-सहा दिवसांनी लिहितोय.

मच्छीच्या व्यापाऱ्याशी बोललो. तो आधी नाही म्हणाला, वजन वाढतं म्हणून. मग मी म्हटलं, येताना तुझी बोट बर्फाच्या पेट्या सोडल्या तर रिकामीच असते, मी येणाऱ्या फेरीतच सामान घेतो, जाताना काही देत नाही. पोत्यामागे चाळीस रुपये ठरले. आमचुराचं पुढच्या मे महिन्यात बघू, त्याला माशांचा वास लागला तर धडगावचा व्यापारी आणखी एक कारण काढेल. आठवड्यातून सोमवार आणि गुरुवार. माणूस बसवायचा नाही, फक्त मी. पाड्यातल्या दोघांना वाईट वाटलं, पण गुरुजींचं वाक्य मी त्यांना ऐकवलं.

पहिली फेरी गुरुवारी झाली. बर्फाचं पाणी तळाला साचतं हे कोणी सांगितलं नव्हतं! मिठाचं पोतं मी फळीवर ठेवलं म्हणून वाचलं, बिस्किटांचे दोन खोके ओले. वास असा की पोरं हुंगून परत देतात. पुढच्या वेळी वर बांधीन.

बांबूची चौकट करायला घेतली आहे. बाबा बांबू तोडताहेत. ते म्हणतात, ही वाट आम्ही आधीच करायला हवी होती. आणि वर म्हणतात, बोट सरकारची आणि धक्का आपण बांधायचा, हे बरं आहे.

वहीची चार पानं दौऱ्याच्या खुणा करून फोटो काढलेत. ग्रामसभेत देणार आहे. काय होईल ते होवो.

डुंगी_ते_मशीन

छान. सोमवारची फेरी झाली की कळवा.

ग्लासगोतला_शिरपूरकर

आली का सोमवारची?

टेकडीवरचा_दुकानदार

आली. साडेसहाची 7:10 ला. वहीत "आली, उशीर" असं लिहिलंय.